चिखलदऱ्याच्या पठारावर पॉइंट सोडून पायी कुठं फिरता येईल?

निशिगंध_अमरावती | ११ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार. दिवाळीनंतर चार दिवस चिखलदऱ्याला मुक्काम करायचं ठरलं आहे. मी, चौदा वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा आणि माझे बाबा, वय सदुसष्ट. गाडीतून उतरायचं, कठड्यापाशी फोटो काढायचा, कणीस खायचं आणि पुन्हा गाडीत बसायचं, असं चिखलदरा आम्ही चार वेळा केलं. यंदा गाडी एका जागी लावून पायी फिरायचं आहे.

यामागं बाबाच आहेत. लहानपणी ते मामांसोबत धामणगाव गढीच्या अंगानं पायी वर चढायचे. सडकेनं नाही, वाटेनं. त्या वाटेवर तीन ठिकाणी पाणी लागायचं आणि तिसऱ्या पाण्यावर बसून शिदोरी सोडायची, एवढं त्यांना पक्कं आठवतं. ती वाट अजून आहे का? आणि पठारावर मुलांना झेपतील अशा कोणत्या वाटा आहेत? कुणी पायी फिरलं असेल तर सविस्तर सांगा.

पठारावरचा_पोरगा | ११ ऑक्टोबर, रात्री ११.०५

ताई, राम राम. मी मोथ्याच्या बाजूचाच. जन्म इथला, सीझनमध्ये लोकांना फिरवतो.

पहिली गोष्ट, वाटा भरपूर आहेत, पण पाट्या लावलेली एकही नाही. गावातून शेतात, शेतातून झऱ्यावर, झऱ्यावरून दुसऱ्या गावात, अशा त्या जातात. मुलं आणि काका असतील तर मोथा ते शहापूर हा पट्टा धरा. डांबरी रस्ता आहेच, तो सोडून बांधाबांधानं चाला. हिवाळ्यात एका हाताला स्ट्रॉबेरीचे वाफे लागतात, दुसऱ्या हाताला गवळ्यांचे गोठे. सकाळी निघालात तर जेवणाच्या वेळेपर्यंत आरामात होते. वाटेत खवा भाजायचा वास आला की थांबा, विचारून घ्या, गरम खवा देतात.

दुसरी, आमझरीकडची. ते मधाचं गाव म्हणून जाहीर झालं आहे. मधपेट्या पाहायला मिळतात, मुलांना आवडेल.

तिसरी, पंचबोलच्या बाजूनं कॉफीच्या बागांमधून. विदर्भात कॉफी इथंच होते. झाडाखाली सावली दाट असते, थंडीचे कपडे ठेवा.

काकांच्या वाटेचं घरी विचारून सांगतो. आमच्या आजीला माहीत असंल.

सागवान | १२ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

मी वनखात्यातून निवृत्त झालो. बरीचशी नोकरी मेळघाटातच गेली. वरच्या भावानं सांगितलेल्या तिन्ही वाटा चांगल्या आहेत. त्यात थोडं जोडतो.

ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं आणि कुसळं पायमोजे फाडून आत शिरतात. दिवाळीनंतर ते पिवळं पडून बसायला लागतं, तेव्हा पायाखालचं दिसतं. घोणस, मण्यार, फुरसं हे तिन्ही इथं आहेत. घोट्याच्या वर येणारे बूट आणि हातात काठी हवीच. काठी आधाराला कमी आणि पुढचं गवत हलवायला जास्त.

डिसेंबरपासून खाजकुयलीच्या शेंगा वाळतात. सोनेरी मखमलीसारखी लव असते, मुलं हटकून हात लावतात. आधीच दाखवून ठेवा. लव लागलीच तर चोळू नका. शेणाचा पातळ लेप लावून वाळू देतात, सुकला की लवेसकट निघतो. मी स्वतः कितीदा तरी केलं आहे.

कड्यांवर आग्या मोहळ असतं. अत्तर लावून जाऊ नका, तिथं विडी-सिगारेट पेटवू नका, दगड तर मुळीच भिरकावू नका. वाघ-अस्वलापेक्षा मला आग्या मोहळाची धास्ती अधिक असे.

चढण_नागपूर | १२ ऑक्टोबर, दुपारी १.१५

छान धागा. पण खरं जंगल पाहायचं असेल तर वैराटला चालत जा. या डोंगररांगेतलं सगळ्यात उंच ठिकाण, ११७८ मीटर. मोबाइलमध्ये उपग्रहाचा नकाशा उतरवून घेतला की सरळ जंगलातून रेषा धरता येते. आमचा पाच जणांचा गट जानेवारीत जाणार आहे. जाऊन आलो की ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची मोबाइलमधली नोंद, इथंच टाकतो, म्हणजे पुढच्यांना कुणाला विचारत बसावं लागणार नाही.

सागवान | १२ ऑक्टोबर, दुपारी ३.५०

चढणभाऊ, जंगलातून सरळ रेषा धरू नका, विनंती आहे. पठाराच्या कडेनं एका हद्दीपुढं व्याघ्र प्रकल्प सुरू होतो. तिथं परवानगीशिवाय पायी शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ खाली गुन्हा आहे. वैराटला जायची जी रीत वनखातं ठरवून देईल, त्या रीतीनंच जा. चिखलदऱ्याच्या कार्यालयात विचारा, नीट सांगतात.

कायदा बाजूला ठेवला तरी सांगतो. मेळघाट १९७३-७४ च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. पन्नास वर्षं राखलेलं जंगल आहे. तुम्ही पाच जण वाट नसलेल्या झाडीतून गेलात की पिलं घेऊन बसलेली अस्वल उठते. ती तुमच्यावर आली तर नंतर शोधायला मजूर जातात, पोरं असलेली माणसं. त्यांचा जीव तुम्ही धोक्यात घालता. मी अशा दोन शोधमोहिमांत रात्रभर फिरलो आहे. कंदील आणि पत्र्याचा डबा वाजवत.

चढण_नागपूर | १२ ऑक्टोबर, रात्री ८.३०

काका, तुमचं म्हणणं मान्य. वैराटचं परवानगी घेऊनच पाहू.

पण ट्रॅकबद्दल मी ठाम आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही तिघं पठारावरच, गावापासून जवळ, धुक्यात अडकलो होतो. दहा पावलांवरचा माणूस दिसेना. वाट दिसत होती म्हणून चालत राहिलो, आणि ती वाट एका डबक्यापाशी जाऊन संपली. परत फिरलो तर तिला चार फाटे फुटलेले. दोन तास गेले. शेवटी कुकरची शिटी ऐकू आली म्हणून वस्ती सापडली. खुणा केलेला नकाशा असता तर हे झालं नसतं. जीव वाचवणारी गोष्ट लपवून का ठेवायची?

पठारावरचा_पोरगा | १२ ऑक्टोबर, रात्री १०.४५

भाऊ, तुम्ही ढोरवाटेनं गेलात. सगळ्यांचं असंच होते.

फरक सांगतो. ढोरवाट रुंद असते, पाण्याकडं जाते आणि पाण्यावर मरते. उतरणीला ढोरं पसरतात म्हणून तिथं तिला खूप फाटे फुटतात. माणसाची वाट अरुंद, एकामागं एक चालायची. काटेरी झुडपाला ती वळसा घालते, ढोर तसंच घुसते. आणि माणसाच्या वाटेवर खांद्याच्या उंचीवर कोयत्यानं तोडलेल्या फांद्या दिसतात, कारण डोक्यावर मोळी असते. मोळी अडू नये म्हणून जो तो चालता चालता एखादी फांदी उडवतो. तोडलेल्या फांद्या दिसेनाशा झाल्या की समजायचं, वाट सुटली. तिथंच थांबायचं, शेवटच्या तोडलेल्या फांदीपर्यंत मागं यायचं.

आणि धुकं असलं तर निघायचंच नाही. कड्याच्या कडेला पावसात शेवाळ असते, पाय सरकला की खाली दरी.

नकाशा टाकायला माझी ना नाही. पण वाट कोणाच्या वावरातून जाते ते नकाशात दिसत नाही. मागल्या साली असाच कुणीतरी टाकलेला ट्रॅक पाहून वीस-पंचवीस जण आमच्या शेजाऱ्याच्या कुटकीतून चालत गेले. कापणीला आलेली कुटकी. त्याचं कुटुंब वर्षभर तेच खाते. आणि ज्यानं टाकला होता तो नंतर काही आला नाही.

चढण_नागपूर | १२ ऑक्टोबर, रात्री ११.२०

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. फांद्यांची खूण लिहून ठेवली. ट्रॅक टाकण्याआधी गावात विचारेन.

किल्ला_आणि_मी | १३ ऑक्टोबर, सकाळी १०.१०

गाविलगडासाठी अख्खा दिवस ठेवा. लोक पहिला दरवाजा पाहून फोटो काढून परत फिरतात, तेव्हा फार वाईट वाटतं. गड व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, म्हणून प्रवेशाची वेळ आधी नाक्यावर विचारून घ्या आणि उजेड असताना बाहेर पडा.

बहमनी सुलतान अहमदशहा वली अचलपुरात तळ ठोकून होता, तेव्हा १४२५-२६ च्या सुमाराला त्यानं हा गड बांधवला. नाव मात्र गवळ्यांचं, त्याच्या आधीपासूनचं. दिल्ली दरवाजावरचं गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा पक्षी, मुलांना शोधायला लावा. आत तलाव आहेत, पडकी मशीद आहे, आणि नैर्ऋत्येला बहरामखानानं १५७७ मध्ये बांधलेला बुरूज आहे.

चालणाऱ्यांसाठी खरी गोष्ट १८०३ ची. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली आणि भोसल्यांची उरलेली फौज या गडावर आली. दक्षिणेकडून नुसता कडा, तिथून तोफ चढणं अशक्य. जमीन गडाला भिडते ती उत्तरेकडून. म्हणून इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनची फौज ७ डिसेंबरला निघाली आणि डोंगरातून रस्ता खणत, तोफा ओढत १२ डिसेंबरला उत्तरेच्या तोंडाशी पोचली. सुमारे तीस मैल, म्हणजे दिवसाला सहा मैल. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंह लढता लढता गेला आणि दोन दिवसांनी देवगावचा तह झाला.

हे नुसतं वाचून समजत नाही. मी पहिल्यांदा गडाच्या उत्तर टोकावर उभा राहिलो, समोरची चिंचोळी जमीन आणि दोन्ही बाजूंच्या दऱ्या पाहिल्या, तेव्हा ते सहा मैल समजले.

डोंगरशाळा | १३ ऑक्टोबर, सायंकाळी ६.००

मी इकडच्या एका आश्रमशाळेत अकरा वर्षं शिकवते. ताई, मुलांसोबत एक करून पाहा. पठारावर चालताना प्रत्येक ओढ्यापाशी विचारा, हे पाणी कुठं जाईल? दक्षिणेकडं उतरणारं पाणी चंद्रभागेसारख्या नद्यांतून पूर्णेला मिळतं. उत्तरेकडं गेलेलं सिपना, खंडू, खापरा, गडगा या नद्यांतून तापीला. एकाच पावसाचे दोन थेंब एका धारेच्या दोन बाजूंना पडतात आणि पुन्हा भेटतात ते थेट चांगदेवला, पूर्णा-तापीच्या संगमावर. आमची पोरं हे भूगोलाच्या पुस्तकाआधी पायांनी शिकलेली असतात.

अजून एक विनंती. वाटेत कोरकू वस्त्या लागतील. घरांच्या दोन समोरासमोरच्या रांगा, मधे रुंद अंगण, सारवलेलं. ते अंगण म्हणजे त्यांचं बैठकीचं घर आहे. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. कोरकू भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, ती मुंडा कुळातली आहे. पाण्याला ‘डा’ म्हणतात. माझ्या वर्गात पहिलीतलं पोर ‘डा’ मागतं आणि नवीन शिक्षकाला कळत नाही, तेव्हा ते तहानलेलंच बसतं. मुलांना हा एक शब्द तरी शिकवून आणा.

रानपिंगळा_अकोट | १४ ऑक्टोबर, सकाळी ८.४५

सागाच्या विरळ जंगलात दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर एक छोटं, गुबगुबीत घुबड बसलेलं दिसलं तर जागच्या जागी थांबा. तो रानपिंगळा असू शकतो. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला दिसलाच नव्हता, संपला असंच धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ सापडला, ११३ वर्षांनी. नंतर मेळघाटातही आढळला.

दुर्बिणीतून पाहा, मन भरेपर्यंत पाहा. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका, आणि दिसला ती जागा इथं लिहू नका. नकाशावर टाकू नये अशी ही दुसरी गोष्ट, पोऱ्याच्या कुटकीनंतरची.

अचलपूर_तालुका | १४ ऑक्टोबर, रात्री ९.००

सगळे वरचंच बोलताहेत. पायथ्याची गावंही पाहा. पायविहीरला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्याआधी ती टेकडी उजाड होती, आम्ही लहान असताना तिथं सावली शोधावी लागायची. गावानं राखली, चर खणले, झाडं लावली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. त्यांची सीताफळं मुंबईपर्यंत जातात. दिवाळीच्या आसपास सीताफळाचा हंगाम असतो. ग्रामसभेच्या माणसांना आधी विचारा, त्यांच्यापैकी कुणी सोबत आलं तर त्यांच्याच तोंडून ऐका.

उठलेलं_गाव | १६ ऑक्टोबर, रात्री १.१०

मी पहिल्यांदाच लिहितो आहे. आमचं गाव व्याघ्र प्रकल्पाच्या आत होतं. नाव लिहीत नाही. पुनर्वसनात उठलं, आता आम्ही खाली सपाटीवर राहतो. घर पक्कं आहे, दवाखाना जवळ आहे, पोरगी कॉलेजात जाते. तक्रार करायला लिहीत नाही.

तुम्ही वाटा म्हणता ना, आमच्याकडं त्यांना कामाची नावं होती. बाजाराची वाट, पाण्याची वाट, मोहाची वाट. बाजाराची वाट पठारावरून यायची. आई डोक्यावर टोपली आणि मी मागं. आम्ही उठलो तेव्हापासून आतला भाग गवतानं भरला असंल. चालणारं कुणी नाही तर वाट कशी राहील? ते ठीक आहे, ती आता जनावरांची जागा आहे.

पण पठारावरचा तुकडा अजून असावा. त्या वाटेवर मोथ्याच्या अलीकडं एक झरा होता, दगडाची कुंडी बसवलेली. त्याच्या वरच्या अंगाला एक मोह. तो आमच्या घराचा मोह होता. कागद नाही, पण सगळ्यांना माहीत होतं, दुसरं कुणी वेचत नव्हतं. मार्चमध्ये आई पहाटे तिथं पाचोळा झाडून ठेवायची. पठारावरच्या भावा, तो झाड उभा आहे का?

पठारावरचा_पोरगा | १६ ऑक्टोबर, सकाळी ६.५५

दादा, कुंडी माहीत आहे. मोह तिथं दोन आहेत. तुमचा कोणता ते समजत नाही. आत्याला विचारतो, तीच त्या बाजूला वेचते.

निशिगंधताई, आजीशी बोललो. धामणगावकडची वाट ती माहेरी जायला वापरायची. खालचा भाग अजून चालतो, गुराखी जातात. मधला टप्पा घाणेरीनं बुजला. तिसरं पाणी वरून गाठता येते. काकांना तिथपर्यंत नेतो.

निशिगंध_अमरावती | १७ नोव्हेंबर, रात्री १०.००

जाऊन आलो. सगळ्यांचे आभार मानते आणि जे झालं ते सांगते.

पहिला दिवस मोथा ते शहापूर. मुलगा कुरकुरत निघाला, पण गोठ्यापाशी वासरू दिसल्यावर त्याला चालवायची गरज पडली नाही. मुलीनं वहीत तोडलेल्या फांद्या मोजल्या, एकेचाळीस. चढणभाऊ, ती खूण खरोखर उपयोगी पडते. एका फाट्यावर आम्ही रुंद वाटेला लागलो होतो, तिनंच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी गाविलगड. गंडभेरुंड मुलाला आधी दिसलं. उत्तर टोकावर बाबा बराच वेळ उभे होते.

तिसऱ्या दिवशी बाबांची वाट. भाऊ आणि त्यांचा चुलतभाऊ पहाटे सोबत आले. वरून उतरायला सुरुवात केली. कारवीची पानं दवानं भिजलेली, सगळ्यांचे पाय ओले. दोन जागी घाणेरी कोयत्यानं तोडावी लागली. बाबांना मी दोनदा म्हटलं, परत फिरू. ते काही बोलले नाहीत, काठीनं गवत हलवत पुढंच जात राहिले. मग एका वळणावर, आम्हाला काहीच दिसत नसताना, ते म्हणाले, “आता डावीकडं वाकलेला खडक येईल.” आला.

पाणी होतं, पण बेताचं. दगडात ओंजळभर खोलगट जागा, वर पानं साचलेली. भावानं हातानं साफ केली आणि पाणी हळूहळू निवळलं. आम्ही तिथंच बसून ज्वारीची भाकर, झुणका आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला. बाबा मामांबद्दल बोलले. मी त्यांच्या पोटची, चाळीस वर्षांची झाले, यातलं निम्मंही मला माहीत नव्हतं. मामा पायथ्याची ज्वारी वर नेऊन द्यायचे आणि उतरताना तूप आणायचे. एका पावसाळ्यात बाबा तापानं फणफणले, तेव्हा मामांनी त्यांना याच चढणीवरून पाठुंगळी घेऊन खाली आणलं होतं. कुठं कुठं टेकले तेही त्यांनी दाखवलं.

खालचे दोन टप्पे आम्ही केले नाहीत. बाबांचे गुडघे आणि ऊन, दोन्ही पाहून वर परतलो.

सागवानकाका, खाजकुयली अजून हिरवी होती, तरी मुलांना दाखवली. डोंगरशाळाताई, मुलगा आता घरी ‘डा’ मागतो.

सागवान | १८ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

वडिलांना नमस्कार सांगा. परत फिरायचा निर्णय योग्य घेतलात. पुढं मार्च-एप्रिलमध्ये कुणी जाणार असेल तर लक्षात ठेवा, मोहाखाली पहाटे अस्वल असते. उजाडल्यावर, बोलत बोलत, आवाज करत चाला. ती दिसली तर पळू नका, तोंड तिच्याकडं ठेवून सावकाश मागं सरका. जंगलात काही अडचण आली तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. पण पठाराखाली उतरलं की बहुतेक जागी रेंज जाते, म्हणून निघताना गावात कुणाला तरी सांगून निघा, कुठल्या वाटेनं जातो आणि कधी परतणार.

चढण_नागपूर | १८ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

जानेवारीचा बेत बदलला. पठारावरच तीन दिवस, भावासोबत. ट्रॅक बनवला तर आधी त्याला आणि गावाला दाखवीन, वावरं आणि झरे वगळून.

पठारावरचा_पोरगा | १८ नोव्हेंबर, रात्री ९.५०

उठलेलं_गाव दादा, उशीर झाला, माफ करा. आत्या दिवाळीनंतर कामाला खाली गेली होती, काल भेटली.

तिनं तुमच्या आईला ओळखलं. कुंडीच्या वरच्या अंगाचा, बुंध्याला दोन हात उंचीवर गाठ असलेला, तोच तुमचा. उभा आहे. एका बाजूची मोठी फांदी वादळात मोडली, बाकी झाड चांगलं आहे. तुम्ही गेल्यावर दोन वर्षं कुणी वेचलं नाही, फुलं तशीच कुजली. मग आत्यानं वेचायला सुरुवात केली.

ती म्हणते, होळीला या. होळीनंतर फुलं पडायला लागतात. पाचोळा ती झाडून ठेवील.

उठलेलं_गाव | १९ नोव्हेंबर, पहाटे ५.१५

आईला वाचून दाखवलं. ती विचारते, गाठ कुंडीकडं तोंड करून आहे ना?

पठारावरचा_पोरगा | १९ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

हो. आत्ताच पाहून आलो. कुंडीकडंच आहे.